आडनावाची वाट कुठपर्यंत जाते?

माझ्याकडे मोडी कागद वाचून घ्यायला माणसं येतात. कागद पुढे ठेवायच्या आधीच बहुतेकांचा प्रश्न ओठांवर असतो: आमचं मूळ कुठलं? मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्र, त्यात जुन्या धोतराचा तुकडा, आणि त्यात घड्यांवर चिरत चाललेला हातभर लांबीचा कागद. आडनाव गावावरून पडलेलं. खरं आडनाव सांगत नाही, वडगावकर धरून चालू. "आजोबा सांगायचे, आपण देवगिरीच्या यादवांचे. ह्यात तसं काही लिहिलंय का, बघा ना जरा."

कागद वाचून झाला. यादवांचं नाव त्यात नव्हतं. पण जे होतं ते मला त्याहून मोलाचं वाटलं. त्या कागदाकडे शेवटी येतो. आधी हा प्रश्न सोडवायचा कसा आणि तो कुठपर्यंत सुटतो ते सांगतो, कारण आजोबांची अशी गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी आहे. कुणी यादवांचे, कुणी चालुक्यांचे, कुणी थेट राजपुतान्यातून आलेले.

आडनाव पडतं कसं

आडनाव हे नावाला आडवं लागलेलं दुसरं नाव. कन्नडमध्येही त्याला 'अड्डहेसरु' म्हणतात. त्याचं काम साधं होतं. गावात एकाच नावाचे चार जण असले की त्यांना वेगळं ओळखायचं, एवढंच. ज्याला गरज पडली त्याला ते लागलं, ज्याला पडली नाही तो बापाच्या नावावर भागवत राहिला. कुळाची कायमची खूण म्हणून ते जन्माला आलेलंच नाही.

'-कर' लागलेली आडनावं घ्या. वडगावात राहणाऱ्या माणसाला वडगावकर कोण म्हणेल? तिथे सगळेच वडगावचे. तो माणूस गाव सोडून दुसरीकडे वस्तीला गेला की तिथले लोक त्याला वडगावकर म्हणायला लागतात. म्हणजे हे आडनाव पूर्वज कुठून उठून आले ते सांगतं, आणि ते ठेवलं नव्या गावाने. होळकरांचं आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलं. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी गावांची नावं घेतली म्हणून त्यांच्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर आहेत. मास्टर दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं, ते तर विसाव्या शतकातलं. त्यामुळे दोन वडगावकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं अजिबात नाही. मावळात वडगाव आहे, पुण्याला लागून वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरी आहेत, कोल्हापूरकडे पेठ वडगाव आहे, आणि नकाशात न दिसणारी आणखी कितीतरी.

हुद्द्यावरून आलेली आडनावं याहून फसवी. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही वतनं होती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी कामं आणि त्या कामाचा मोबदला. देशमुख मराठा आहेत, ब्राह्मण आहेत, प्रभू आहेत, लिंगायत आहेत, मुसलमानही आहेत. सगळ्यांना जोडणारी गोष्ट रक्त नसून परगण्याचा कारभार आहे. वतन आलं की जुनं आडनाव मागे पडायचं. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट. 1713 मध्ये त्यांना पेशवाई मिळाली आणि घराण्याला पेशवे हे नाव चिकटलं. नाना फडणवीस मूळचे भानू. औंधचे पंतप्रतिनिधी हे किन्हईचे कुलकर्णी. आज एखाद्या फडणीस कुटुंबाने तीनशे वर्षं मागे 'फडणीस' शोधत गेलं तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा त्या घराला ते नावच नव्हतं.

आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ची एक नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, त्याचं आंबेडकर. महाराष्ट्रातल्या लाखो घरांचं आजचं आडनाव असंच, शाळेत नाव घालताना पक्कं झालं. त्याच्या आधीच्या कागदात त्याच घरातला माणूस नुसता स्वतःच्या आणि बापाच्या नावाने भेटतो. मोडी कागदांत महार समाजातल्या व्यक्तींची नावं '-नाक' शेवट असलेली येतात, त्यांच्यापुढे आजच्यासारखं आडनाव नसतं. म्हणून आडनाव शोधू नका, माणूस शोधा. हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो.

नाव सारखं, म्हणून वंश एक?

आता आजोबांच्या गोष्टीकडे. यादव–जाधव, चालुक्य–चाळके, शिलाहार–शेलार, कदंब–कदम, मौर्य–मोरे. या जोड्या ऐकायला इतक्या सरळ वाटतात की शंका घ्यायची इच्छाच होत नाही. त्यांच्यामागे भाषेचं खरं कारणही आहे. संस्कृतातल्या शब्दारंभीच्या 'य'चा मराठीत 'ज' होतो: यात्रा–जत्रा, यमुना–जमना. मधल्या 'म'चा 'व' होतो: ग्राम–गाव, नाम–नाव, आणि म्हणूनच सामंत–सावंत. तेव्हा जाधव हा शब्द यादव या शब्दातून निघाला असं म्हणायला हरकत नाही.

पण शब्दाची व्युत्पत्ती ही माणसाची वंशावळ नव्हे. राजघराण्याचं नाव त्याच्या पदरी असलेले सैनिक, सेवक, आश्रित, त्याच्या मुलखात राहणारे लोक, सगळेच लावू शकत होते आणि लावत होते. जाधव, पवार, चव्हाण, मोरे ही आडनावं आज मराठ्यांपासून बंजाऱ्यांपर्यंत आणि दलित समाजापर्यंत कितीतरी जातींत सापडतात. कदमांचं तर आणखी गुंतागुंतीचं आहे. पुष्कळ कदमांचं देवक कळंब, म्हणजे कदंबाचंच झाड. आडनाव राजवंशावरून आलं, की झाडावरून, की दोन्हींचं मूळ झाडाशीच, हे नुसत्या नावावरून कोण ठरवणार?

याच्या उलट टोकाला लोकांनी रचलेल्या गोष्टी असतात. बडोद्याच्या गायकवाडांबद्दल सांगतात की पूर्वजाने गाईंना वाचवण्यासाठी कवाड उघडलं, म्हणून गाय-कवाड. अशी गोष्ट ऐकली की मी वहीत लिहून घेतो, पण पुरावा म्हणून नाही. घराणं स्वतःकडे कसं बघत होतं, कशाचा अभिमान बाळगत होतं, ते तिच्यातून कळतं.

सिंदखेडच्या जाधवांचं उदाहरण पाहा. जिजाऊंचं हे माहेर देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगतं, आणि ती परंपरा जुनी आहे. देवगिरीचं राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपलं. लखुजी जाधवरावांचा खून 1629 मध्ये झाला, तोही दौलताबादला, म्हणजे त्याच देवगिरीच्या किल्ल्यावर. या दोन टोकांमध्ये तीनशे वर्षं आहेत. मधल्या प्रत्येक पिढीला समकालीन कागदाचा आधार मिळत नाही. इतक्या मोठ्या, सतत सत्तेजवळ राहिलेल्या घराण्याची ही स्थिती.

भोसल्यांचंही तसंच. मेवाडच्या सिसोदियांशी नातं सांगणारी परंपरा आहे, तिच्यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो वाचताना अंगावर काटा येतो, पण तोही घराण्याने स्वतःबद्दल सांगितलेला इतिहासच. घट्ट कागदावर पाय ठेवून मागे जायचं तर ते बाबाजी भोसल्यांपर्यंत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पणजोबांपर्यंत जाता येतं. हिंगणी, बेरडी आणि देवळगावच्या पाटिलकीचे ते धनी. सोळावं शतक. स्वराज्य स्थापन करणाऱ्या घराण्याची घट्ट वाट जिथे थांबते, तिथपर्यंत आपली पोहोचली तर ती फार लांबवर गेली असं समजावं.

तिच्या मागे अंधार का आहे

यादवकाळात माणसं लिहीत नव्हती असं नाही. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, शके 1195 ते 1199, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277 च्या दरम्यानचा. मंदिरासाठी कुणी किती दान दिलं त्याची ती यादी आहे. रामदेवराय यादव आणि हेमाद्री पंडित यांच्यासारख्या बड्यांबरोबर कितीतरी साधी माणसंही तिच्यात आहेत. आपला कुणी पूर्वज त्या दगडावर असेलही. पण आज आपण लावतो तशी, बापाकडून मुलाकडे चालत जाणारी आडनावं तिथे रुळलेली नाहीत. त्यामुळे त्या नावापासून तुमच्यापर्यंत दोरी ओढता येत नाही.

दुसरं कारण दुष्काळ. चौदाव्या शतकाच्या शेवटी दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. बारा वर्षं पाऊस नव्हता अशी त्याची आठवण लोकांनी ठेवली. गावंच्या गावं ओस पडली, पुढे ती पुन्हा वसवावी लागली, वतनं नव्याने द्यावी लागली. 1630 ते 1632 चा दुष्काळ तितकाच भीषण. जुन्या कागदांत 'गतकुळ' असा शब्द येतो: ज्या जमिनीचा धनी निघून गेला किंवा ज्याचं घर बुडालं ती जमीन. हा शब्द वाचताना मी दर वेळी थांबतो. किती घरं त्या एका शब्दात मावली असतील.

आणि जे कागद झाले तेही सगळे टिकले नाहीत. वाळवी, पूर, वाटण्या. 1948 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली तेव्हा दप्तरंही जळाली. 1951 मध्ये कुलकर्णी वतनं गेली, 1962 च्या कायद्याने पाटिलकी गेली. वतनच नाही तर कागद कशाला, म्हणून लोकांनी माळ्यावरच्या पेट्या बंबात रिकाम्या केल्या. हे मला निदान दहा घरांत ऐकायला मिळालं आहे, आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी खाली जातो.

आता थोडं गणित, कारण त्याने दृष्टीच बदलते. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. दहा पिढ्या मागे गेलं की 1,024 पूर्वज. वीस पिढ्यांत 10,48,576. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर पंढरपूरचा तो शिलालेख तीस पिढ्या मागे आहे, आणि तिथे हा आकडा 107 कोटींच्या वर जातो. इतकी माणसं तेव्हा अख्ख्या जगात नव्हती. याचा अर्थ, त्या रकान्यांत तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. मामाची मुलगी करण्याची चाल, ठरलेल्या गावांतल्या सोयरिकी, यांमुळे वंशाच्या फांद्या मागे जाताना एकमेकींत मिसळत जातात. तुमच्या अंगात यादवांचा अंश नसेलच असं कोण म्हणेल? पण तो कुठल्या पणजीच्या माहेराकडून आला असेल, ते आडनाव सांगणार नाही. आडनाव त्या अफाट गोतावळ्यातली बापाची एकच ओळ दाखवतं. तुमची आजी, पणजी, तिची आई, त्यांची माहेरची आडनावं तुम्हाला ठाऊक आहेत का? नसतील तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच फोन करा. सगळ्यात लवकर हरवणारी माहिती ती.

शोध कुठून सुरू करायचा

स्वतःपासून. यादवांपासून खाली येऊ नका, आपल्यापासून एकेक पायरी मागे जा. आणि पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नका.

पहिली पायरी म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर. त्यानंतर तहसील कार्यालयातली जुनी दप्तरं. गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. हक्कनोंदी, पाहणीपत्रकं, मराठवाड्यात खासरा पत्रकं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा याच वह्या उघडल्या गेल्या, आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना अचानक तालुक्या-तालुक्यांतून बोलावणी आली. त्या निमित्ताने हजारो लोकांनी खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा पाहिलं. या वह्या साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नेतात.

तिथून पुढची उडी मोठी आहे. 1852 मध्ये इंग्रजांनी कायदा करून इनाम कमिशनला अधिकार दिले. ज्याच्याकडे इनाम जमीन किंवा वतन आहे त्याने ते कुणाकडून, कधी, कसं मिळालं ते सिद्ध करायचं. लोकांना त्याचा प्रचंड त्रास झाला, कित्येकांची इनामं गेली. पण त्या धाकाने घराण्या-घराण्यांनी कैफियती दिल्या, वंशावळी लिहून दिल्या, जुन्या सनदांच्या नकला जोडल्या. वंश शोधणाऱ्याला आज हे दप्तर म्हणजे भरलेलं कोठार आहे. ते पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तराच्या शेजारी आहे. कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. रुमाल सोडल्यावर जो जुन्या कागदाचा वास येतो त्याची सवय लागली की सुटत नाही. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही पुराभिलेखागारं आहेत. आपलं गाव कुठल्या राज्यात किंवा संस्थानात होतं ते आधी काढा, म्हणजे कुठलं दार ठोठावायचं ते कळेल. जायच्या आधी छापील साधनं चाळा. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 22 खंडांत कागद छापले, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि मंडळानेही पुढे पुष्कळ छापलं. सूचीत गावाचं नाव शोधा, आडनावाच्या आधी.

घरातले कागद कमी समजू नका. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती, म्हणजे सालवार घडामोडींची टिपणं. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 चा, ही तारीख पुढे आली ती त्या शकावलीमुळे.

मोडीची भीती काढून टाका. दोन-तीन महिने रोज तासभर बसलं तर अक्षर उलगडायला लागतं. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं लोंबवत जायची, ही लिहिण्याची पद्धत. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अवघड जातं ते अक्षर नाही, फारसी शब्द आणि कालगणना. नावामागे 'बिन' आलं तर पुढचं नाव बापाचं. 'मोकदम' म्हणजे पाटील. 'मौजे' म्हणजे गाव. आणि तारीख येते ती अशी: सन समान खमसैन अलफ. हे अरबी आकडे आहेत, एककापासून सुरू होणारे. समान म्हणजे आठ, खमसैन म्हणजे पन्नास, अलफ म्हणजे हजार. झाले 1058, सुहूर सन. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. त्यात 599 मिळवले की मृगापासून डिसेंबरपर्यंतचं इसवी साल मिळतं, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. म्हणजे हा कागद 1657-58 चा. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा कुलूप उघडल्यासारखं वाटतं.

कागदांमध्ये माझा सगळ्यात आवडता प्रकार महजर. गावात वतनाचा किंवा शिवेचा तंटा झाला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे मोकदम आणि बलुतेदार, सगळे. वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगायचे, म्हणजे घराण्याची हकीकत पिढ्यांसकट. शेवटी निवाडा आणि त्याखाली साक्षी. ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याची खूण काढायचा. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, शिपायाची कट्यार, बाईची बांगडी. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष फार मोलाची मानली जायची, कारण शीव त्याच्या पायाखालची. राजांच्या इतिहासात जागा न मिळालेली माणसं इथे एका ओळीत बसलेली भेटतात.

कागद नसेल तर

कुलदैवत बघा. आडनाव बदलतं, गाव बदलतं, भाषासुद्धा बदलते, पण कुलदैवत माणसं सहजी सोडत नाहीत. कारवारपासून कोचीपर्यंत पसरलेली सारस्वत घराणी अजून गोव्यात मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या पायाशी येतात, कारण तिथून ती पोर्तुगीज काळात उठली. देवांनाही तेव्हा गाव सोडावं लागलं. मंगेश 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचं मूळ शोधायचं तर दुसरा धागा आहे. धर्मांतरावेळी एकाच कुळातल्या भावांना वेगवेगळी पोर्तुगीज आडनावं मिळाली, पण गावकारीतलं, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या कारभारातलं, वांगड मात्र तेच राहिलं. वांगड म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळाची शाखा. फर्नांडिस आणि डिसूझा यांचं वांगड एक निघालं, तर त्यांचा पूर्वज एक असण्याचा संभव मोठा.

देवकही असंच बोलकं. लग्नात पुजलं जाणारं देवक, कळंब असो, पंचपल्लव असो, साळुंकीचं पीस असो, जुन्या कुळाची खूण असतं. एका देवकात सोयरीक होत नाही. आडनावं वेगळी पण देवक, कुलदैवत आणि मूळ गाव एक, असं दिसलं की मी कान टवकारतो.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. पूर्वज तिथे गेले असतील तर त्यांनी आपलं, बापाचं, आजाचं, मुलांचं नाव आणि गाव लिहून दिलेलं असतं. बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. जाताना मूळ गाव विचारून जा, कारण वह्या गाववार लावलेल्या असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी येतात. सुगीनंतर बैलावरून दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारे हे लोक पिढीजात वंशावळी सांभाळतात. आता त्यांच्याही मुलांनी दुसरी कामं धरली आहेत. दारात हेळवी आला तर त्याला बसवा, चहा द्या आणि परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा.

डीएनए चाचणीबद्दल विचारणारेही असतात. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासून दोन भावकीत एकच पुरुष पूर्वज होता का ते बऱ्यापैकी सांगता येतं. त्या पूर्वजाचं नाव, गाव, वंश चाचणी सांगत नाही.

आता तो कागद. तो महजरच होता, पाटिलकीच्या तंट्याचा, आणि वर मी उलगडून दाखवली तीच तारीख त्याच्यावर होती. शिक्षकांचा पूर्वज त्यात वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता. साक्षीदारांत पाचवा. स्वतःचं नाव, बिन, बापाचं नाव, मिरासदार मौजे वडगाव. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा धनी असलेला शेतकरी. आडनाव नाही. वडगावात बसलेल्या माणसाला वडगावकर हे नाव असणार तरी कसं? कुठलं वडगाव ते कागदातल्या परगण्यावरून कळलं. इनाम कमिशनपुढे त्यांच्या घराने दिलेली वंशावळ आम्ही नंतर काढली, तिच्यातलं सगळ्यात वरचं नाव या साक्षीदाराशी जुळलं, बापाचंही जुळलं. तरी मी माझ्या टिपणात 'बहुधा' हा शब्द ठेवला. मधल्या दोनशे वर्षांत एकाच कागदाचा आधार आहे, आणि ती नावं तेव्हा घरोघरी असायची.

त्यांना यादव मिळाले नाहीत. मी सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या पाचव्या ओळीवर बोट ठेवून बसले. तिच्या शेवटी बोरूने काढलेला नांगर होता, नखाएवढा. कागद परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळण्याआधी त्यांनी खिशातली डायरी काढली आणि पेन्सिलीने तो नांगर उतरवून घेतला. दोनदा काढला. पहिल्या खेपेला फाळ नीट आला नव्हता.